छोट्या ट्रॅक्टरचा फॅन रेडिएटरला परत परत घासतोय? रेडिएटर बदलायच्या आधी ओरखडा नीट बघा

माझ्याकडे २४ एचपीचा तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आहे आणि त्याच्या रेडिएटरला इंजिनचा फॅन एकदा नाही, तीनदा घासलाय. पहिल्यांदा डाख मारून घेतला. दुसऱ्यांदा सत्तर-ऐंशी तासांतच त्याच जागेच्या शेजारची ट्यूब (रेडिएटरमधली पाण्याची बारीक नळी) गेली म्हणून अख्खा नवीन रेडिएटर बसवला, आणि नवीन बसवून तीन महिने होत नाहीत तोच वरच्या उजव्या कोपऱ्यात पुन्हा तसाच चकचकीत कमानीसारखा ओरखडा दिसला, तेव्हा मात्र ठरवलं की आता रेडिएटरला हात लावायचा नाही, आधी हे होतंय कशामुळे ते शोधायचं. दोन दिवस गेले त्यात. ज्यांचा रेडिएटर असाच परत परत जातोय त्यांच्यासाठी जे जे तपासलं ते सगळं लिहितोय, माझ्या ट्रॅक्टरला जे निघालं ते तुमच्याला निघेलच असं नाही पण शोधायची पद्धत तीच राहील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सगळं सोपं जातं. फॅन एका वस्तूवर बसलाय आणि रेडिएटर दुसऱ्या वस्तूवर. फॅन असतो वॉटर पंपाच्या शाफ्टवर, वॉटर पंप इंजिनच्या ब्लॉकवर. रेडिएटर मात्र इंजिनवर नसतो, तो पुढे फ्रंट एक्सलच्या ब्रॅकेटवर, म्हणजे ज्या ओतीव सांगाड्याला पुढचा एक्सल लटकलेला असतो त्याच्यावर उभा असतो. या दोघांच्या मध्ये फक्त हवा. छोट्या ट्रॅक्टरचं बोनेट आखूड, त्यात बॅटरी, एअर क्लीनर, काऊल (फॅनभोवतीचं आवरण) सगळं कोंबलेलं, त्यामुळे ही मोकळी जागा मोठ्या ट्रॅक्टरएवढी ठेवताच येत नाही, कितीतरी ठिकाणी ती जेमतेम बोटभर असते. मोठ्या मशीनला पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी खपून जातं, इथे तेवढ्यात फॅन रेडिएटरच्या जाळीला टेकतो.

आणि फॅन टेकला म्हणजे काय होतं ते आकड्यात सांगतो. ३५० मिलिमीटर व्यासाचा फॅन २८०० आरपीएमला फिरत असेल तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास जातो. ट्यूबचा पत्रा कागदापेक्षा थोडाच जाड. म्हणजे नुसतं "थोडंसं घासतंय" असं काही नसतंच, टेकलं की कापलंच.

अजून एक, जे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. बहुतेक ट्रॅक्टरचा फॅन पुढून हवा ओढून मागे इंजिनवर फेकतो. हवा मागे ढकलली म्हणजे पात्यांवर उलटा जोर पुढे येणार, म्हणजे बरोब्बर रेडिएटरच्या दिशेने. प्लास्टिकची पाती फुल रेसला दोन-तीन मिलिमीटर सहज पुढे वाकतात. आणि जाळी कचऱ्याने, भुश्याने चोंदलेली असेल तर फॅनला ओढायला जास्त जोर लागतो आणि पाती आणखी पुढे झुकतात. म्हणजे जाळी साफ न केल्याने फक्त इंजिन तापत नाही, फॅनसुद्धा रेडिएटरच्या जवळ सरकतो.

काम सुरू करायच्या आधी इंजिन बंद, चावी काढून खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली. हे कंटाळा न करता करा, कारण पुढे बराच वेळ तुमची बोटं पात्यांच्या मध्ये असणार आहेत. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही, आत दाबाखाली शंभर डिग्रीच्या वरचं पाणी असू शकतं, ते थेट तोंडावर येतं.

आता मुख्य मुद्दा. ओरखडा वाचायला शिका, कारण नव्वद टक्के उत्तर तिथेच लिहिलेलं असतं आणि आपण रेडिएटर काढून दुरुस्तीला देतो तेव्हा ते उत्तर पण त्याच्याबरोबर निघून जातं. रेडिएटर उतरवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, समोरून आणि फॅनच्या बाजूने, आणि फॅनच्या पात्यांच्या पुढच्या कडांचे पण फोटो काढा. दोन प्रश्न विचारायचे. जाळीवर खूण पूर्ण गोल आहे का फक्त एका भागात कमान आहे? आणि पात्यांपैकी किती पात्यांची कड घासून चकाकतेय, सगळ्या का एखादीच?

जाळीवर पूर्ण गोल आणि चकाकी एकाच पात्यावर असेल तर ते पातं वाकलंय, तडकलंय किंवा फॅन हबवर (पंपाच्या शाफ्टचं पुढचं तोंड, ज्याला फॅन बोल्टने बसतो) तिरका बसलाय, फिरताना तेच एक पातं सगळीकडे घासत जातं. अशा वेळी फॅन खोला, हबच्या तोंडावर गंज किंवा कचरा आहे का बघा, चारही बोल्ट सारखे बसलेत का बघा, आणि पात्याच्या मुळाशी केसासारखी तडा आहे का ते उजेडात वाकवून बघा. तडा दिसली तर तो फॅन परत लावू नका, चिकटवून तर मुळीच नाही, तुटलेलं पातं त्या वेगात बोनेट फाडून बाहेर येऊ शकतं.

पूर्ण गोल आणि सगळी पाती चकाकलेली, तर फॅन आणि रेडिएटर एकमेकांजवळ सरळ सरळ सरकलेत. एकतर रेडिएटर मागे आलाय, पुढून ठोकर बसलीय, नाहीतर फॅन पुढे आलाय. फॅन पुढे यायचं एक कारण फार जणांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे बदललेला वॉटर पंप. दिसायला सेम टू सेम, भोकं जुळतात, पण हबची उंची पाच मिलिमीटरने जास्त. बसतो मस्त आणि फॅन पाच मिलिमीटर पुढे. नवीन पंप बसवताना जुना आणि नवा शेजारी शेजारी सपाट फरशीवर पालथे ठेवून हबच्या तोंडापर्यंतची उंची मोजा, एक मिनिटाचं काम आहे. तसंच फॅनच्या मागचा स्पेसर, एखाद्याने आधी काढून ठेवला किंवा दुसऱ्या मॉडेलचा घातला का तेही बघा. फॅन उलटा लावलेला असेल तर पात्यांची खोलगट बाजू चुकीच्या दिशेला जाते, हवा धड ओढली जात नाही आणि हबचा उभार पण चुकीच्या बाजूला येतो, म्हणजे तापणं आणि घासणं दोन्ही एकदम.

फक्त एका भागात कमान आणि सगळी पाती चकाकलेली, हा माझा प्रकार. याचा अर्थ फॅन सरळ फिरतोय पण दोघांपैकी एकजण तिरका झालाय. कमान वरच्या भागात असेल तर रेडिएटरचं डोकं मागे झुकलंय किंवा इंजिनचं नाक खाली गेलंय. खालच्या भागात असेल तर रेडिएटरचा पाया मागे ढकललाय, बहुतेक वेळा खालून कशाची तरी ठोकर. आणि जर गोलबिल काही नाही, नुसतं एखाद-दोन ठिकाणी खोल भोसकल्यासारखं असेल तर ती काडी, दगड, विसरलेला पाना, अशी कुठलीतरी बाहेरची वस्तू फॅनने उडवलीय, ते वेगळं प्रकरण.

माझ्या फोटोत कमान वर उजवीकडे होती, तिन्ही वेळा. आणि मी दोनदा ती बघून सुद्धा "फॅन लागला" एवढंच म्हणून पुढे गेलो होतो.

मग मोजमाप. आत हात जेमतेम जातो, पट्टी जात नाही, कॅलिपर तर नाहीच. त्यावर सोपा उपाय ड्रिलचे बिट. ६, ८, १०, १२, १४, १५ मिलिमीटरचे बिट घ्या आणि त्यांची मागची गुळगुळीत दांडी पातं आणि जाळी यांच्या मध्ये आडवी सरकवून बघा, धार असलेला भाग नाही, नाहीतर जाळीच्या फिन्स (पातळ पत्र्या) फाटतील. कुठला बिट जातो, कुठला अडतो, ते वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चार ठिकाणी लिहून घ्या. एकाच पात्याने चारही जागा मोजायच्या, हाताने फॅन फिरवत, म्हणजे पात्या-पात्यातला फरक मध्ये येत नाही. माझ्याकडे खाली डावीकडे १५ चा जात होता आणि वर उजवीकडे ८ चा जायचा पण १० चा अडायचा, म्हणजे ९ च्या आसपास. सगळ्यांनी बघितलं होतं आतमध्ये, मेकॅनिकने पण, आणि प्रत्येकजण म्हणायचा जागा तर आहे की, बोट जातंय. बोट जातं हे खरं, पण एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला ९ हे बोटाने कळत नाही.

आता प्रश्न असा की ९ मिलिमीटर उभ्या ट्रॅक्टरला शिल्लक आहे तर घासतो कसा? इथेच मी अडकलो होतो. उभ्या ट्रॅक्टरवर कितीही बघा, काही सापडत नाही, कारण तो घासतो कामात, हादऱ्यात. मग थर्माकोल आठवलं. पॅकिंगमध्ये येतं ते थर्माकोल पातळ पट्ट्यांमध्ये कापलं, ३, ५ आणि ७ मिलिमीटर जाडीच्या, आणि दुहेरी टेपने जाळीच्या फॅनकडच्या बाजूला वर उजवीकडे शेजारी शेजारी चिकटवल्या, खाली डावीकडे पण तशाच. पट्ट्या छोट्या ठेवायच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या, म्हणजे हवेला अडचण होत नाही. बोनेट बंद करून आधी उभ्या उभ्या फुल रेस दिली, बंद केला, बघितलं. वरच्या ७ च्या पट्टीला टोक लागलेलं, ५ ची शाबूत. म्हणजे नुसत्या रेसला पाती दोन-तीन मिलिमीटर पुढे येतायत. मग पट्टी बदलून अर्धा तास खडबडीत रस्त्यावर चालवला, दोन-चारदा जोरात ब्रेक मारला, परत बघितलं तर वर उजवीकडच्या ७, ५ आणि ३ तिन्ही कापलेल्या, ३ ची तर मुळापासून. खालच्या सगळ्या जशाच्या तशा. त्या तीन पट्ट्या बघून जेवढं कळलं तेवढं आधीच्या सहा महिन्यांत कळलं नव्हतं.

म्हणजे हलतंय काहीतरी. कोण हलतंय? रेडिएटरच्या वरच्या टाकीला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकललं तर चार मिलिमीटर सरळ हलत होता. वरच्या आधाराच्या सळईतला रबर बुश आतून पूर्ण खाल्लेला, बाहेरून गोल दिसायचा पण आत भोक लंबगोल झालेलं. नवीन रेडिएटर बसवताना जुनेच बुश परत घातले होते. हे रबर डिझेल-ऑइलच्या थेंबांनी मऊ पडतं आणि उष्णतेने कडक होऊन तडकतं, दोन्ही बाजूंनी मरण. रेडिएटर काढलात की बुश नवेच घाला, यात काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

पण बुशने चारच मिलिमीटर दिले, बाकीचं कुठून आलं? इथे मला दुसऱ्या दिवशी सापडलं आणि हेच खरं मूळ होतं. फ्रंट एक्सलचा ब्रॅकेट इंजिन ब्लॉकला ज्या बोल्टने धरलेला असतो त्यांच्या आजूबाजूचा चिखल तारेच्या ब्रशने साफ केला तर उजवीकडच्या खालच्या दोन बोल्टांच्या वायसरखालून तांबूस, बारीक, पीठासारखी पावडर निघाली. चिखल वेगळा आणि ही पावडर वेगळी, बोटावर घेतली तर कळतं, लोखंडावर लोखंड सूक्ष्म हलत राहिलं की अशी गंजाची पावडर पडते. जिथे जोड घट्ट आहे तिथे ती येतच नाही. पाना लावला तर एक बोल्ट जवळपास अर्धा फेरा हाताने फिरला. जोडाच्या खालच्या बाजूला ०.५ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत गेला. क्लच हाऊसिंगखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला (ऑइलच्या चेंबरला जॅक कधीच लावायचा नाही), पुढच्या चाकांवरचं वजन उतरलं तसा तोच गेज जोडात आवळून बसला. म्हणजे जोड श्वास घेतोय, उघडतोय-मिटतोय.

आता हे वरच्या ओरखड्याशी कसं जुळतं ते बघा. पुढचा एक्सल ब्रॅकेटला खालून वर ढकलतो. खालचे बोल्ट ढिले असले की ब्रॅकेटचं नाक वर उचललं जातं, जोड खालून उघडतो, आणि ब्रॅकेटवर उभा असलेला रेडिएटर मागे, फॅनकडे कलतो. खाली अर्धा मिलिमीटर फट म्हणजे वर रेडिएटरच्या डोक्याशी दीड-दोन मिलिमीटर, कारण वर जाईल तसं अंतर वाढतं. खड्ड्यात आपटला की तीन. उजवे बोल्ट जास्त ढिले म्हणून कमान उजवीकडे. त्या आधी कधीतरी पुढचं ऑइल सील बदलायला हा ब्रॅकेट उतरवला होता, बसवताना बोल्ट नुसते पान्याने आवळले गेले, टॉर्क रेंच (मोजून ठराविक जोराने आवळायचा पाना) लावला नाही, आणि शंभर-दीडशे तासांनी परत तपासले पण नाहीत.

मग बेरीज करा. बुशचे ४, ब्रॅकेटचे ३, पात्यांचे ३. दहा झाले. आणि जागा होती ९. एकेकटं बघितलं तर प्रत्येक गोष्ट "चालतंय की" म्हणून सोडून देण्यासारखी, तिन्ही एकाच दिशेने एकाच खड्ड्यात आली की रेडिएटर गेला. म्हणून एक दोष सापडला की थांबू नका, पुढचाही शोधा.

ज्या छोट्या मॉडेलमध्ये इंजिन दोन बाजूंच्या पट्ट्यांच्या सांगाड्यात रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं तिथे हेच काम माउंटिंग करतात. रबर बसलं की इंजिन एका बाजूला खचतं, आणि जोरात ब्रेक लागला की अख्खं इंजिन पुढे डुलतं, फॅनसकट. तिथे पहारीने इंजिन हळूच उचलून रबर आणि लोखंड वेगळं होतंय का ते बघायचं.

वॉटर पंपाचं बेअरिंग माझ्या ट्रॅक्टरला ठीक होतं पण ते बऱ्यापैकी कॉमन कारण आहे म्हणून तपासायची पद्धत सांगतो. बेल्ट उतरवा, बेल्ट चढलेला असताना प्ले (ढिलेपणा) कळत नाही. फॅनच्या समोरासमोरच्या दोन पात्यांची टोकं धरून एक ढकला, दुसरं ओढा. कट-कट असं हाताला जाणवलं तर बेअरिंग गेलं. बेअरिंगपाशी ०.२ मिलिमीटरचा प्ले पात्याच्या टोकाला चार-पाच पट मोठा होऊन दिसतो, कारण बेअरिंग एकमेकांपासून जेमतेम चार सेंटिमीटरवर आणि पातं सतरा-अठरा सेंटिमीटर लांब. मग फॅन हाताने फिरवून कानाने ऐका, खरखर नको. आणि पंपाच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं तिथून कूलंटचा वाळलेला हिरवा किंवा तांबडा ओघळ दिसतोय का बघा. ते भोक मुद्दाम दिलेलं असतं, सील गेलं की तिथून पाणी गळून आपल्याला कळावं म्हणून. काहीजण ते एमसीलने बुजवतात, कृपा करून असं करू नका, ते पाणी मग बेअरिंगमध्ये जातं आणि काही दिवसांत शाफ्टच डगडगायला लागतो.

बेअरिंग जायचं मोठं कारण बेल्ट जास्त ताणणं. आपल्याला वाटतं बेल्ट जेवढा टाइट तेवढं चांगलं, पण त्याचा सगळा ओढा त्या एवढ्याशा बेअरिंगवर येतो. मॅन्युअल बघा, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरला दोन पुलींच्या मध्ये साधारण १० किलोच्या दाबाला ७ ते १० मिलिमीटर दबला पाहिजे असं दिलेलं असतं. बेल्ट ओरडतो म्हणून ताणत बसण्यापेक्षा तो गुळगुळीत झालाय का, त्यावर तेल पडलंय का ते बघा आणि बदला.

बाकी थोडक्यात. बॅटरी रेडिएटरच्या पुढे असते अशा मॉडेलमध्ये बॅटरीची पकड ढिली असेल तर ती ब्रेकला सुटते आणि पुढून रेडिएटरला मागे ठोकते, ती पट्टी आवळा. काऊल तुटला असेल तर त्याचा तुकडा लोंबून पात्यात येतो. काऊलमध्ये फॅन साधारण अर्धा आत अर्धा बाहेर असला पाहिजे आणि पात्याच्या टोकाभोवती अंतर सगळीकडून सारखं हवं, ते एका बाजूला कमी दिसलं की इंजिन खचल्याची ती पहिली सूचना. खोल पाण्यातून ट्रॅक्टर नेताना पाणी फॅनपर्यंत आलं तर पाती पाण्यात वल्ह्यासारखी अडकून पुढे वाकतात आणि एका झटक्यात जाळी फाडतात. फॅनचा बेल्ट चढलेला असेल तर ट्रॅक्टर एवढ्या खोल पाण्यात घालूच नका.

रेडिएटर आधीच कापला असेल तर, तांब्या-पितळेचा असला तर डाख चांगला बसतो, एक-दोन ट्यूब दोन्ही टोकांनी बंद केल्या तरी चालून जातं, त्यापेक्षा जास्त बंद केल्या तर उन्हात लोडला तापणार हे धरून चला. ॲल्युमिनियमचा असेल तर टिग वेल्डिंग करणारा चांगला हात लागतो, इपॉक्सीचा लेप हा घरी पोचण्यापुरता, काम ढकलायला नाही. लीक बंद करायची पावडर पाण्यात टाकायला माझा सक्त विरोध आहे, छोट्या रेडिएटरच्या ट्यूब आधीच बारीक, भोकाबरोबर त्या पण बुजतात. दुरुस्तीनंतर पाण्याच्या टबमध्ये बुडवून हवेचा दाब देऊन बुडबुडे बघून घ्या, दाब झाकणावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरला तो ०.९ बारच्या आसपास असतो. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका, चवीला गोड असतं, जनावर किंवा कुत्रं-मांजर प्यायलं तर जीव जातो.

आणि चालवताना कधी पुढून "टर्रर्र" असा आवाज आला, किंवा वाफ दिसली, तर काटा बघत बसू नका, लगेच बंद करा. पाणी सगळं गेलं की टेंपरेचरचा सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा कधीकधी वर जायच्या ऐवजी खालीच राहतो. काटा नॉर्मल आहे म्हणून चालवत राहिलेल्यांचे हेड गॅस्केट आणि हेड गेलेले मी बघितलेत.

शेवटी मी काय केलं ते. ब्रॅकेटचे सगळे बोल्ट काढले, नवीन घातले, भोकातली आटी ब्रशने आणि हवेने साफ केली, दोन्ही तोंडांवरचा गंज काढला, मग मॅन्युअलच्या टॉर्कने तिरपे-तिरपे क्रमाने आवळले. मॅन्युअल नसेल तर अंदाज म्हणून १२ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेड बोल्टला ८० न्यूटन मीटरच्या आसपास, पण तुमच्या मॉडेलचा आकडा मिळवाच. फॅनचे ६ मिलिमीटरचे बोल्ट असतील तर त्यांना फक्त १० न्यूटन मीटर पुरतं, ते जीव खाऊन आवळले की तुटतात, त्यांना लॉकटाइटचा (बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब दिला. रबर बुश चारही नवे. फॅन पण बदलला, जुन्याची पाती पिवळट आणि ठिसूळ झाली होती. मग रेडिएटरच्या पायाखाली एक पातळ वायसर घालून चारही कोपऱ्यातलं अंतर सारखं केलं. आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटवर पिवळ्या ऑइल पेंटने एक सरळ रेघ ओढली, बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावायला पण लागत नाही. पहिली तपासणी दहा तासांनी केली, मग ५० तासांनी, तेव्हा एक बोल्ट किंचित बसला होता तो परत टॉर्क केला. आता दर ५० तासांच्या ग्रीसिंगला जाळीला आतून बाहेर हवा मारतो, रेघा बघतो आणि ड्रिलचे बिट फिरवतो, दहा मिनिटं पुरतात.

परवाच्या ग्रीसिंगला मीटरवर दुरुस्तीपासून ३१० तास झाले होते. रेघा सगळ्या जुळलेल्या, वर उजवीकडे १४ चा बिट जातो, बाकी तिन्हीकडे पण १४ जातो, आणि पात्यांच्या कडांवर कुठेही चकाकी नाही.